सकाळचा कट्टा, १८ खुर्च्या आणि आठची गर्दी: कोणाला न दुखावता कसं जमवायचं?

तालुक्याचा_चहा

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर मिसळ-वडापाव-चहाचं दुकान आहे. प्रश्न जागेचा आहे म्हणून आधी मापं देतो. दर्शनी बाजू १४ फूट, खोली २२ फूट. मागचे ८ फूट भटारखाना. पुढे चार जणांची चार टेबलं आणि दोघांचं एक, म्हणजे १८ खुर्च्या. शटर ९ फुटांचं, डावीकडे. उजवीकडे ५ फूट कोरी भिंत. समोर ४ फुटांचा ओटा आमच्याच हद्दीत, त्यापुढे गटार आणि मग रस्ता. दुकानाचं तोंड पूर्वेला.

सकाळी फिरून येणारे नऊ-दहा ज्येष्ठ ७:१५ ला येतात आणि ९:१५ ला उठतात. दोन फेऱ्या चहा (कटिंग १० रुपये), तीन प्लेट पोहे (२५ रुपये). तीन टेबलं त्यांचीच. आठनंतर स्टँडवरचे प्रवासी, तहसील आणि बँकेतली मंडळी, कॉलेजची मुलं. मिसळ ७० रुपये. लोक दारातून डोकावतात आणि निघून जातात. संध्याकाळी ४ ते ६ क्लासची पोरं एका वडापाववर दीड तास बसतात, वर फोन चार्जिंगला लावतात.

कामगारांचं म्हणणं, "जास्त वेळ बसू नये" असा बोर्ड लावा. कट्टा तोडायचा नाहीये, त्यांच्यामुळेच दुकान सकाळी साडेसहाला जागं असतं. दुपारी २ ते ४ बंद ठेवतो. बोर्ड, किमान ऑर्डर, बाहेर बाक, की आणखी काही?

हिशेबनीस

बोर्डाआधी वही. एक आठवडा सकाळी ७ ते १० दर पंधरा मिनिटांनी दोनच आकडे लिहा: किती खुर्च्या भरल्यात आणि त्या पंधरा मिनिटांत किती जण दारातून परत गेले. गल्ल्यावर बसणाऱ्यानेच लिहायचं. वाढप्याला सांगितलंत तर गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमके हवे तेव्हाचेच आकडे लिहायचे राहून जातील.

हे का, ते सांगतो. ७:१५ ते ८ खुर्च्या तशाही रिकाम्या असतात, म्हणजे तेवढा वेळ कट्टा फुकटात बसतो, तुमचं काही जात नाही. प्रश्न फक्त ८ ते ९:१५ या ७५ मिनिटांचा. मिसळीला २० मिनिटं आणि टेबल पुसायला ५ धरली तर एका खुर्चीवर तीन गिऱ्हाइकं. बारा खुर्च्यांवर ३६ प्लेट, २५२० रुपये. हा आकडा ऐकला की मालकाचं डोकं फिरतं आणि बोर्ड लागतो. पण तो कागदावरचा आहे. खरं नुकसान म्हणजे परत गेलेली माणसं गुणिले प्लेटमागे उरणारे पैसे. माल, गॅस, पाव धरून ७० मधले ४० उरत असतील आणि रोज सहा जण परत जात असतील तर २४० रुपये. कट्ट्याचे वीस कटिंग आणि तीन पोहे म्हणजे २७५ चा गल्ला, त्यात दीडशे तरी सुटतात. मग भांडण उरलं रोजच्या नव्वद रुपयांचं. त्यांच्या घरी जाणारी पार्सलं आणि सत्यनारायणाच्या पूजेला मिळणारी ऑर्डर यात धरलेलीच नाही. ती वहीत वेगळ्या पानावर लिहा.

आणखी एक. दहा माणसांनी तीन टेबलं धरली की बारा खुर्च्या अडतात. दोन खुर्च्यांवर पिशव्या आणि वर्तमानपत्र. चौघांच्या टेबलाचं दुखणं हेच. एकटा माणूस येऊन बसला की दुसरा अनोळखी समोर बसायला कचरतो. चारातली दोन टेबलं काढून त्यांच्या जागी २ फूट बाय २ फूटची चार करा. जोडली की चौघांची, सोडली की दोघांची. खुर्च्या तेवढ्याच राहतात, पण वापरात जास्त येतात.

ओळंबा

हिशेबनीसांशी सहमत, आता मापांचं.

आत डाव्या भिंतीला उभ्याने खायची फळी टाका. उंची ४२ इंच, रुंदी १४ इंच, माणशी २ फूट. आठ फुटांत चार जण. बारा इंचांची फळी वडापाव-चहाला चालते, मिसळीला नाही, कारण मिसळीसोबत पावाची ताटली आणि रश्श्याची वाटी असते. तिसरं भांडं कडेवर आलं की रस्सा शर्टावर. फळी ग्रॅनाइटची घ्या. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड. लिंबाचा रस पडला की पॉलिश मरतं आणि वर्षभरात पांढुरके डाग पडतात. संगमरवराचंही तेच. इराण्यांनी संगमरवरी टेबलं वर्षानुवर्षं चालवली, पण त्यांच्या टेबलावर चहा आणि बनमस्का यायचा, तर्री-लिंबू नाही.

वाढप्याच्या वाटेला ३ फूट सोडा. अडीच फुटांत तो हातातली प्लेट सांभाळत तिरका चालतो, आणि तिरका चालणारा वाढपी बसलेल्याच्या खांद्याला लागतोच.

आता ओटा. दहा जणांचा सरळ लांब बाक करू नका. एका ओळीत चारपेक्षा जास्त माणसं बसली की टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही; मग ती उठून समोर, म्हणजे दारात, उभी राहतात. काटकोनात बाक हवा. तुमच्या ५ फूट कोऱ्या भिंतीला माणशी २० इंच धरून तीन जण. ओट्याच्या उजव्या कडेला बाकाचा दुसरा हात काढला तर कोपरा सोडून आणखी एक. समोर तीन स्टुलं. बाक १६ इंच, पायांना २० इंच, स्टूल १२ इंच, झाले ४८. म्हणजे चार फूट तंतोतंत संपले आणि स्टुलाची पाठ गटाराकडे. ओटा रस्त्यापासून ९ इंचांहून उंच असेल तर त्या कडेला पाइपची रेलिंग लावल्याशिवाय स्टुलं ठेवू नका, मागे सरकताना माणूस सरळ गटारात जातो. एकूण सात जागा. उरलेले तीन उभे राहतील. दहाच्या कट्ट्यात दोघे-तिघे उभेच असतात, त्याची काळजी नको.

बसायची उंची १८ इंच. १५-१६ च्या बाकावरून गुडघे दुखणाऱ्याला उठवत नाही, आणि लोक "तासन्‌तास बसतात" त्यातला थोडा वेळ हा उठवत नसल्याचाही असतो! टोकाला धरायला लोखंडी हात ठेवा. बिनपाठीचं प्लॅस्टिक स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, ज्येष्ठांना देऊ नका.

तालुक्याचा_चहा

ओटा रस्त्यापासून १४ इंच आहे, रेलिंग करतो. पण पूर्वेचं ऊन?

ओळंबा

त्याचाच फायदा घ्या. डिसेंबरात सकाळी आठचं ऊन त्या भिंतीवर येत असेल तर बाक टाकल्यावर कोणाला बाहेर चला म्हणावं लागणार नाही. बदल थंडीत सुरू करा. एप्रिल-मेमध्ये तेच ऊन तोंडावर येतं, तेव्हा पूर्वेच्या बाजूला गुंडाळता येणारा हिरवा नेटचा पडदा, जमिनीपासून ३ फुटांवर थांबणारा. पूर्ण खाली सोडलात तर रस्त्यावरून दुकान बंद दिसतं. पावसाळ्यात मात्र ४ फुटांच्या छपराखाली तिरका पाऊस येणारच. ते चार महिने कट्टा आत, हे धरूनच चला.

जर्मनचं_पातेलं

जागेचं झालं, भटारखान्याकडेही बघा. मिसळ खाणारा वीस मिनिटं बसतो, त्यात खाण्याची दहाच. पाच मिनिटं मिसळ यायला, पाच बिल द्यायला. खुर्ची लवकर मोकळी हवी असेल तर माणसाला उठवू नका, ही दहा मिनिटं कमी करा.

आठच्या आधी वीस प्लेटमध्ये कांदा-कोथिंबीर-लिंबाच्या वाट्या लावून ठेवा. उसळ मंद आचेवर, तर्री वेगळ्या पातेल्यात. फरसाण मात्र शेवटीच, प्लेट उचलताना. आधी घातलं तर दोन मिनिटांत त्याचा लगदा होतो, मग गिऱ्हाईक जादा फरसाण मागतं आणि वाढप्याची एक खेप वाढते. जादा रस्सा फुकट देत असाल तर तो मागवायला लावू नका. दोन टेबलांत एक स्टीलचा झाकणाचा जग ठेवा. जादा पावाचे पैसे घ्या. मागणी रश्श्याची असते पण खर्च पावाचा होतो. पैसे ८ ते ९:३० ऑर्डर देतानाच घ्या, पितळी किंवा प्लॅस्टिकचं टोकन द्या. खाऊन झालं की माणूस हात धुऊन चालता होतो.

कट्ट्याचा चहा: दहा माणसं एकेक करून येतात आणि एकेक कटिंग सांगतात, म्हणून तुमचा चहावाला पाऊण तास त्यांच्यातच अडकतो. ८० मिलीच्या कटिंगने दहा म्हणजे ८००, गाळणं-आटणं धरून ९०० मिली एकदम टाका. लिटरला ६०० दूध, ४०० पाणी, साखर ९० ग्रॅम, पत्ती १८ ते २० ग्रॅम, आलं १० ग्रॅम. आलं ठेचून आधी पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळा, मग दूध. कच्चं आलं थेट गार दुधात पडलं तर दूध फाटू शकतं, आणि ते दहाच्या पातेल्यात फाटलं की सकाळ गेली. तयार चहा गाळून थर्मासच्या किटलीत भरा. पत्तीसकट आचेवर ठेवला की वीस मिनिटांत तुरट होतो, मग "मालक, आज चहा जमला नाही" यावर अर्धा तास चर्चा.

बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात लागेल. ज्येष्ठांच्या कट्ट्यात तीन-चार जण तरी मधुमेहवाले निघतात. किटली दोन ठेवा, बिनसाखरेच्या किटलीच्या मुठीला दोरा बांधा.

क्वीन्सकर

बोर्डाबद्दल. हा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे फसलेला आहे. क्वीन्समधल्या फ्लशिंगला, पार्सन्स आणि नॉर्दर्न बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावरच्या मॅकडॉनल्ड्समध्ये कोरियन ज्येष्ठ एका कॉफीवर किंवा फ्राइजच्या पाकिटावर तासन्‌तास बसायचे. तिथे २० मिनिटांची मर्यादा लावलेली होती. लोक उठेनात म्हणून पोलीस बोलावले गेले, आणि जानेवारी २०१४ मध्ये ते प्रकरण पेपरात आलं. कोरियन समाजातून बहिष्काराची हाक आली. शेवटी तिथले राज्य विधानसभेचे सदस्य रॉन किम यांनी मध्यस्थी केली आणि ठरलं ते असं: बसायची मर्यादा एक तास, फक्त ११ ते ३ या गर्दीच्या वेळात ती सूट नाही.

म्हणजे तडजोड निघाली ती घड्याळ बघून. दिवसभराचा नियम कोणी मानला नाही, ठरावीक तासांचा मानला. ज्येष्ठांसाठीची केंद्रं त्या भागात होती, तरी ही माणसं तिथेच यायची. चालत जाता येतं, मोठ्या काचेतून रस्ता दिसतो, कोणी नाव नोंदवायला सांगत नाही आणि कोणी कार्यक्रम घेत नाही. घर आणि कामाच्या जागेपलीकडच्या अशा ठिकाणाला रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये "तिसरी जागा" म्हटलं. आपल्याकडे त्याला कट्टा, पार, टपरी असे शब्द आधीपासून आहेत, त्यामुळे ते फार समजावून सांगायला नको.

बोर्ड लावायचाच तर "बसू नये" नको. "सकाळी ८ ते ९:३० आतली टेबलं नाश्त्यासाठी. गप्पांना बाहेरचा बाक." एवढंच, आणि तो बाक पुसलेला असला पाहिजे.

हिशेबनीस

त्यात भर. बोर्डाच्या आधी तोंडी सांगा. मालकाने स्वतः, कट्ट्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला, आदल्या दिवशी, एकट्याला. "काका, उद्यापासून आठनंतर बाहेर बाकावर चहा आणून देतो, आत प्रवाशांची गर्दी होते" एवढं पुरतं. ते मग बाकीच्यांना आपलाच निर्णय असल्यासारखं सांगतात. वाढप्या पोराने सगळ्यांसमोर सांगितलं तर तो अपमान, आणि दहाही जण समोरच्या टपरीवर जातात.

किमान ऑर्डर नको. दहा रुपयांच्या गिऱ्हाइकाला पन्नासची अट घातली की तो बसतोही आणि कुरकुरतोही.

उंबरठा

सगळ्यांनी कट्ट्याची सोय बघितली. दारात दहा पुरुष बसलेले असले की बाई आत शिरत नाही, हे कोणी लिहिलं नाही. स्टँडवर उतरलेली, कडेवर मूल असलेली बाई डोकावून परत जाते आणि मालकाला वाटतं खुर्ची नव्हती म्हणून गेली. वहीत परत गेलेल्यांपुढे बाई की पुरुष तेही लिहा, आणि त्या वेळी खुर्ची खरंच भरलेली होती का, तेही.

म्हणून बाक शटरच्या दोन्ही बाजूंना अजिबात नको. दोन रांगांच्या मधून जावं लागणं म्हणजे नजरांमधून जाणं. ओळंबांनी उजव्या भिंतीला सुचवलाय तो ठीक, पण सगळी तोंडं रस्त्याकडे असू देत, दाराकडे नकोत. बाकाचा आडवा हात दाराच्या बाजूला आला तर सगळा घोटाळा. आत दाराजवळचं दोघांचं टेबल काढून मागे, हात धुवायच्या बेसिनजवळ न्या. एकट्या बाईला किंवा मूल घेऊन बसणारीला ते बरं पडतं. बेसिनच्या वर दिवा हवा. आणि संडासाची सोय असेल तर त्याची कडी आतून लागते का, ते एकदा स्वतः बघा.

दुसरं, २ ते ४ बंद का? भिशीच्या बायकांना हीच वेळ सोयीची असते. बारा जणींची भिशी महिन्यातून एकदा, ऑर्डर आधी सांगून. बारा प्लेट साबुदाणा वडा आणि बारा चहा, बिल एकच, फुकट जाणारा माल शून्य. दोन भिश्या मिळाल्या तरी महिन्यातून दोनच दुपारी शटर उघडायचं. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालायचा, एवढं लक्षात ठेवा. दुपारी बाराला ऑर्डर घेऊन दोनला वडे देता येत नाहीत, मध्ये कच्चे राहतात आणि तेलात फुटतात.

ओळंबा

दाराचा मुद्दा पटला. बाकाचा आडवा हात उजव्या टोकालाच आहे, पण स्टुलं सैल असतात आणि ती हळूहळू दाराकडे सरकतात. भिंतीला कडी ठोकून साखळी लावा, किंवा ओट्यावर तेवढ्याच भागाला वेगळ्या रंगाची फरशी टाका. रंगाची हद्द लोक आपोआप पाळतात.

जर्मनचं_पातेलं

संध्याकाळच्या पोरांचं कोणी बोललं नाही. चार ते सहा गर्दी नसते, बसू द्या. रिकाम्या दुकानात रस्त्यावरचा माणूस शिरत नाही, पोरं दिसली तर शिरतो. चार फोनचे चार्जर प्रत्येकी २० वॉट धरले तरी दोन तासांत ०.१६ युनिट, दोन रुपयेसुद्धा नाहीत. टेबलाजवळचे सॉकेट मात्र बंद करा आणि गल्ल्याशेजारी एकच बोर्ड द्या. फोन तिथे राहिला की हातात काही नाही, मग एकतर गप्पा होतात नाहीतर दुसरा वडा जातो. वड्यांचा पहिला घाणा ४:३० ला काढा, चारला नको. पोरं आल्यावर तळणीचा वास सुटला पाहिजे.

तालुक्याचा_चहा

सोमवार ते गुरुवार वही ठेवली. ८ ते ९:१५ मध्ये परत गेलेले ५, ४, १३ (बुधवारचा बाजार), ६. अपेक्षा नव्हती ते असं, की या २८ पैकी १२ जण बसायला आलेच नव्हते, पार्सलवाले होते. दारात चहाची रांग आणि कट्ट्याचे उभे लोक असल्याने गल्ल्यापर्यंत पोचलेच नाहीत. बायका सात, आणि त्यातल्या चौघींच्या वेळी आत खुर्ची रिकामी होती.

दुसरी अडचण ९:१५ ला दिसली. कट्टा उठतो तेव्हा दहा जण दहा फोन काढून दहा-वीस रुपये पाठवतात. पाच मिनिटं गल्ला बंद.

हिशेबनीस

मग आधी पार्सल. शटरच्या डाव्या टोकाला, गल्ल्याच्या लगत, दोन फुटांची खिडकी किंवा पुढे आलेली फळी. पार्सलवाल्याने दाराची चौकट ओलांडायची गरजच पडू नये. पाव, चटणीच्या पुड्या, बांधायचा दोरा हे सगळं त्या फळीखाली हाताशी. ९ फुटांच्या शटरमधले अडीच पार्सलला गेले तरी साडेसहा उरतात, पुरे. बुधवारी बाजाराच्या दिवशी एक माणूस फक्त त्या खिडकीवर.

दहा फोनांवर उपाय म्हणजे पाळी. रोज एकाने सगळ्यांचं द्यायचं, दहा दिवसांनी पुन्हा तोच. बहुतेक कट्ट्यांत हे आधीपासून असतं, फोन आल्यावर मोडलं. तुम्ही फक्त एकच चिठ्ठी बनवा आणि किटलीखाली सरकवा. महिन्याचं खातं मात्र उघडू नका. रोजचे पावणेतीनशे महिन्याला आठ हजारांवर जातात, आणि त्यातला एक जण गावाला गेला की उरलेल्या नऊ जणांत हिशेबावरून वाजतं, तेही तुमच्याच ओट्यावर.

उंबरठा

त्या चौघींसाठी आधी बाकाची दिशा बदला, खिडकी नंतर.

तालुक्याचा_चहा

बाक अजून टाकलेला नाही. फरशीवाला रविवारी येतोय, उजव्या पाच फुटांना लाल कोबा, बाकी तसंच. दोर बांधायची किटली आजच वेगळी केली.